माझा म्हटलं की यायचं

प्रिय कडी,

तुझे शिनगार्ड तू इथेच, चपलांच्या कपाटावर विसरून गेलीस. नडग्यांची ढाल घरी आणि बाई लढाईवर. उद्या सकाळी तुमच्या मॅनेजर बाई उरलंसुरलं सामान घेऊन तिकडे निघणार आहेत, जाता जाता त्या हे घेऊन जातील. दोन शिनगार्डांच्या मध्ये हे पत्र घालून वर मी रबर लावणार आहे. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू 'हो आत्या' म्हणतेस. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. कुठला 'हो' होकाराचा आणि कुठला 'हो' आता फोन ठेवा म्हणणारा, हे मला ऐकताक्षणी कळतं. कागदाला तुला 'हो आत्या' म्हणता येणार नाही. वाचावंच लागेल.

तुझ्या बाबाचं आधी सांगते, नाहीतर तू तेवढंच शोधत खाली उतरशील आणि मधलं सगळं गाळशील. ठीक आहे तो. जेवतो, झोपतो, माझ्यावर चिडतो. तुझ्या हातून दाढी करून घ्यायची सवय लागली आहे साहेबांना. माझ्या हातात वस्तरा दिसला की असा चेहरा करतो, जणू मी काही जुना हिशेब चुकता करायला आले आहे. उजव्या हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू दाबायचा सोडून डाव्या हाताने माझ्या अंगावर फेकतो, आणि मी वाकून उचलला की हसतो. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा हात नेला, जीभ अर्धी नेली, खोडसाळपणा तेवढा जागच्या जागी ठेवला. औषध पाण्यात विरघळवून दिलं तर कळतं त्याला. तू म्हणाली होतीस कळत नाही. कळतं. तुझ्या हातचं तो मुकाट्याने पितो, एवढंच.

आता रविवारच्या मॅचकडे येते. गेले काही दिवस माझं डोकं त्याच एका गोलावर तापलेलं आहे.

सोमवारचा पेपर तू वाचला नाहीस म्हणालीस. खोटं. तो घडी घालून ओट्यावर भांड्याखाली ठेवलेला मला सापडला. 'बचावफळीच्या मध्यावर डुलकी.' खाली फोटो, तू जाळ्यात बसलेली, चेंडू तुझ्या मागे. आणि प्रत्येकीला गुण दिलेत त्या महाशयांनी, परीक्षेत देतात तसे. तुला दहापैकी चार. मी पेपरच्या कचेरीत फोन लावला. हो, लावला, डोळे मोठे करू नकोस. क्रीडा विभाग मागितला, त्या वार्ताहराला मागितलं, तो जागेवर नाही म्हणाले तर मी थांबते म्हटलं. फोनवर थांबणाऱ्या बाईला लोक घाबरतात, हे मला नोकरीत कळलं. शेवटी आला. आवाजावरून तुझ्याहून लहान असावा. आधी आजी म्हणाला. मी म्हटलं, माझा नातू असतास तर शुद्धलेखन बरं असतं. मग शहाण्यासारखा बोलायला लागला. मी विचारलं, गोल अगदी शेवटी झाला, त्याच्या आधीच्या सगळ्या वेळाबद्दल तुम्ही हिच्याविषयी एक ओळ लिहिलेली नाही. का?

तो म्हणाला, "तेव्हा तिच्या बाजूला काही घडलंच नाही, बाई."

मी म्हटलं, "कोणामुळे घडलं नाही?"

छापून मात्र काही येणार नाही. न घडलेल्या गोष्टींची बातमी होत नसते, आणि तुझं सगळं कामच न घडलेल्या गोष्टींचं.

मला फुटबॉल कळत नाही असं तू आणि तुझा दादा समजता. तुझा बाबा धडधाकट होता तेव्हा तुमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने मला कितीदा शिकवलंय. त्याच्या चहाचा कप म्हणजे गोल. कपापुढे मिठाची बाटली, ती तू. मिरपूड म्हणजे समोरच्यांची स्ट्रायकर. चमचे ही बाकीची जनता. मीठ मिरपुडीच्या मागे धावत सुटलं तर कप उघडा पडतो, म्हणून मिठाने धावायचं नाही, मिरपुडीला जिथे जायचंय तिथे आधी जाऊन उभं राहायचं. हे मला तेव्हाच पटलं होतं, पण रविवारी डोळ्यांनी पाहिलं. त्यांची ती उंच, वाऱ्यासारखी पळणारी पोरगी, जिच्या नावाने अर्धं मैदान ओरडत होतं, तिला तू मॅचभर अशी कडेकडेला नेत होतीस की तिला वाटावं आपणच निघालोय. ती वळली की तू तिथे. तिला चेंडू यायच्या आत तुझा पाय मध्ये. आणि चेंडू मिळाला की घाबरून लांब भिरकावणं नाही, मान वर करून आपल्या मुलीला देणं. मग हात वर करायचीस आणि सगळी फळी तुझ्यासोबत एक पाऊल पुढे, आणि ती उंच पोरगी ऑफसाइडमध्ये हात पसरून उभी.

त्या गोलापर्यंत तुझी चड्डी पांढरीशुभ्र होती. तुझ्या शेजारची ती दणकट मुलगी चिखलाने माखलेली होती, कारण तिला दर वेळी उशीर होत होता आणि दर वेळी ती घसरत जाऊन चेंडू काढत होती. टाळ्या तिला. माझ्या मागे बसलेला एक टोपीवाला तर तिच्यावर फिदाच होता. तुला म्हणत होता, चार नंबर, जरा अंग झटक. मी मागे वळून त्याला सांगितलं, जिला वेळेवर पोहोचता येतं तिला लोळावं लागत नाही. त्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, बरोबर बोलतायत त्या, तुम्हालाही लागू आहे. मॅचमध्ये मला आनंद झाला तो एवढाच.

आणि मग तो गोल.

तुमच्या कोचला फळी पुढे ठेवायला आवडते. मागे मोकळं रान. ते रान तुझं आणि गोलकीपरचं, दोघींचं मिळून. तिथे चेंडू आला की कोणीतरी एकीने ओरडायचं, 'माझा'. जी म्हणेल तिने यायचं, अर्धवट नाही, पूर्ण यायचं, आणि दुसरीने बाजूला व्हायचं. यात समजुतीचा घोटाळा झाला तर गोल ठरलेला. आमच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत खेळाच्या तासाला ज्या सिस्टर होत्या, त्या झग्याचा घोळ कमरेत खोचून आमच्याबरोबर धावायच्या आणि सांगायच्या, मुक्याने खेळायचं असेल तर वर्गात जा आणि बुद्धिबळ मांडा. मैदानावर तोंड उघडा. मी उघडलं ते उघडलंच, असं तुझा बाबा म्हणायचा.

तो लांबचा चेंडू तुमच्या डोक्यांवरून आला तेव्हा तू वळलीस, धावलीस, त्या उंच पोरीच्या कितीतरी आधी पोहोचणार होतीस. आणि पोहोचता पोहोचता तू अंग चोरून बाजूला झालीस. सगळ्या मैदानाने पाहिलं ते एवढंच. मी मात्र ऐकलंसुद्धा. आवाज आला होता. मोठा, स्वच्छ, गोलच्या बाजूने. 'माझी!'

कडी, त्या मैदानावर बावीस मुली होत्या. त्यातली एकच 'माझी' म्हणते. तुमची गोलकीपर. ती लांबून आलेली, आपली भाषा इथे आल्यावर शिकलेली, तिच्या तोंडी चेंडूही बाई आणि गोलही बाई. तुम्ही मुलींनी तिचं टोपणनावच 'माझी' पाडलंत, ते तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. मला नव्हतं फार हसू आलं. कॉन्व्हेंटमध्ये आपली भाषा आम्हाला शिवणकामाइतकीच मिळायची, त्यामुळे मी लहानपणी घरी येऊन 'तो खुर्ची' म्हणायचे आणि तुझा बाबा जमिनीवर लोळून हसायचा. ज्या बाईचं असं हसं झालेलं असतं तिचे कान या बाबतीत तिखट होतात. 'माझा' असता तर मला कळलंही नसतं कोण ओरडलं. 'माझी' होता. म्हणजे ती ओरडली, तू नियमाप्रमाणे बाजूला झालीस, आणि ती रेषेवरून दोन पावलं आली आणि थिजली. मग तू परत फिरून जीव तोडून धावलीस आणि चेंडूच्या मागोमाग जाळ्यात जाऊन बसलीस. फोटो त्याचा.

तरी मला वाटलं, म्हाताऱ्या कानांना भास झाला असेल. सोमवारी दुपारी तू सरावाला गेलीस तेव्हा तुझ्या बाबाने टीव्हीकडे बोट दाखवून मॅच परत लावायला लावली. गोल आला. तो पुढे झुकला आणि तोंडातून शब्द काढायला त्याची ती नेहमीची खटपट सुरू झाली. मान, जबडा, खांदा, सगळं कामाला लागलं. आणि म्हणाला, "माझी."

मी म्हटलं, हो रे, तुझीच. तो भडकला. चमचा आपटला. मी पुन्हा म्हटलं, तुझीच आहे ती, कोण नाही म्हणतंय. त्याने डाव्या हाताने रिमोट ओढला, कसाबसा मागे नेला, पुन्हा लावला, आणि पडद्यावर जाळ्यात पडलेल्या तुझ्याकडे नाही, हातमोजे घालून उभ्या असलेल्या तिच्याकडे बोट रोखलं. "माझी. ती." आणि मग मला उमजलं की माझ्या भावाला लेकीचा उमाळा आलेला नव्हता, तो साक्ष देत होता. आवाज टीव्हीवरही होता. बारीक, प्रेक्षकांच्या गोंगाटाखाली, पण होता. आम्ही दोघांनी तो पुनःपुन्हा ऐकला. बऱ्याच दिवसांनी आमचं दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

तू मात्र कोणाला बोलली नाहीस. कोचला नाही, पेपरवाल्याला नाही, बाबाला नाही. संध्याकाळी आलीस, हातपाय धुतलेस, आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणालीस की दूरच्या शहरातला जो मोठा क्लब तुला घेणार होता, त्याने नकार कळवला. तो गोल बघून त्यांचं मत बदललं. तुझा दादा फोनच्या पडद्यावर होता. होतं असं, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. त्याच्या आवाजात जे सुटल्यासारखं झालं ते तुला ऐकू आलं की नाही माहीत नाही. मला आलं.

मंगळवारी तू संघाबरोबर गेलीस आणि काल दुपारी घरच्या फोनवर तुमचे कोच. तू त्यांचं ऐकत नाहीस म्हणून इथे. बिचारा फार अदबीने बोलत होता. म्हणाला, आत्याबाई, तुम्ही तरी समजवा तिला. त्या क्लबला ती अजूनही हवी आहे. त्यांच्या माणसाने तोच गोल पाहिला आणि म्हणाला, चूक कोणाची ते आम्हाला दिसतं, जी न ओरडता परत धावली ती आम्हाला पाहिजे. तिनेच नको म्हणून सांगितलंय. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते थांबणार आहेत. मी फोन खाली ठेवला आणि आधी तुझ्यावर चिडले, मग बसले, मग पुन्हा चिडले. एका गोलाचा दोष अंगावर घेतलास, तेवढ्याने भागलं नाही, तोच दोष दाखवून घरच्यांना गप्प बसवलंस. चार गुणांचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केला नसता.

का केलंस ते मला कळतं. म्हणून जास्त राग येतो. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पॅसेजमध्ये आपण सगळे उभे होतो तेव्हा तुझा दादा काय म्हणाला होता आठवतंय? "बाबांचं माझ्यावर सोडा. कोणी काळजी करायची नाही." मोठ्याने, स्वच्छ. आपण सगळे बाजूला झालो. मीही झाले. मग तो आपल्या नोकरीच्या गावी गेला आणि रेषेवर उभा राहिला तो राहिलाच. तिथून व्हिडिओ पाठवतो. कोणतं जीवनसत्त्व कोणत्या भाजीत. मनगट कसं फिरवायचं. चाकांची खुर्ची पाठवली, ती अजून खोक्यातच बाल्कनीत आहे, कारण तिने आपल्या बाथरूमच्या दारातून जायचं नाही असं ठरवलंय आणि दार मोजायला इथे यावं लागतं. आणि परत फिरून धावली कोण? तुझी आई गेल्यापासून या घरात प्रत्येक वेळी कोण धावतं? लहान होतीस तेव्हा सगळे झोपायला निघाले की तू टाचा उंचावून दाराची कडी ओढून बघायचीस, लागली आहे ना. बाबाने नाव पाडलं, कडी. आम्हाला फार गोड वाटायचं ते. तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही की मोठी माणसं घरात असताना हे काम पोरीचं का.

तुझा दादा वाईट नाही. 'माझी'सुद्धा वाईट नाही. दोघंही ओरडले तेव्हा खरंच यायच्या तयारीत होते, मग पुढे पसरलेलं ते मोकळं रान बघून पाय गारठले. पहिल्याच मोसमातली पोर आहे ती, तिला तू वाचवलंस, त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. तिला तू एकटीला गाठून सांग की पुढच्या वेळी ये. व्याकरण मी शिकवेन. तुझ्या दादाशी मात्र मी आज सकाळी बोलले. बराच वेळ बोलले. तो 'हो आत्या' म्हणत होता, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी एक 'हो' खरा आला. महिन्याच्या शेवटी येतोय, मोजपट्टी घेऊन. आला तर बरं, नाही आला तर मी त्याच्यावर फळी रचलेली नाही.

मग दुपारच्या जेवणाला मी तुझ्या बाबाला सगळं सांगितलं. कोचचा फोन, शुक्रवार, तू नको म्हणालीस ते. तुला वाटेल तो आनंदाने हसला. नाही. तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसला. भात गार झाला. भीती वाटली त्याला, कडी, आणि वाटणारच, तुझ्याशिवाय दिवस कसा उजाडतो हे त्याने अजून बघितलेलं नाही. मग त्याने डावा हात पुढे केला, मिठाची बाटली धरली आणि आपल्या कपासमोरून सरकवत, थांबत, पुन्हा सरकवत टेबलाच्या पार त्या टोकाला नेली, तिथून पुढे त्याचा हात पुरेना. धापा टाकत होता. जरा दम खाल्ला आणि मिरपुडीची बाटली उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि ती कपापुढे आणून ठणकन ठेवली. इतकी वर्षं त्या टेबलावर मिरपूड समोरच्यांची होती. मी म्हटलं, दुसरं काही नाही मिळालं तुला? तर हसला. भात मग गारच खाल्ला.

तेव्हा हे पत्र कशासाठी ते आता सांगते. मी ठरल्याप्रमाणे शनिवारी माझ्या घरी परत जाणार नाही. पुढच्या शनिवारीही नाही. माझ्या घराची किल्ली खालच्या शिंपीणबाईंकडे दिली आहे, कुंड्याही त्यांच्याच. माझा रेडिओ आणला, माझी उशी आणली. उशी घेऊन येणारी बाई पाहुणी नसते. तुझी खोली तुझीच राहील, मी पुढच्या खोलीत झोपते, तिथून त्याची हाक ऐकू येते. दाराची कडी मी लावते, टाचा उंचावाव्या लागत नाहीत. तुझ्या वतीने कोचला मी होकार दिलेला नाही, तो चेंडू तुझा आहे, शुक्रवारच्या आत तुला स्वतःला फोन करायचाय आणि हो की नाही ते तुझ्या तोंडाने सांगायचंय. पण नाही म्हणायचं असेल तर खेळासाठी म्हण, बाबासाठी म्हणू नकोस, कारण त्याच्यासाठी मी ओरडले आहे. ऐक, मोठ्याने आणि स्वच्छ, आणि लिंगही बरोबर आहे, तुझ्या बाबाला विचार: माझा. मी रेषेवरून निघाले आहे. तू बाजूला हो.

शिनगार्ड घाल.

तुझीच,
मिरपूड आत्या